एका नावाची अनेक गावे

इ. स. १७७९च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी कोंडीत पकडले आणि वडगाव येथे तह करायला लावला. इतिहासाच्या पुस्तकांत गावाचे नाव बहुधा एवढेच येते. पण एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगावे अनेक आहेत. तहाचे वडगाव मावळातले. त्याखेरीज वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि बारामतीकडचे वडगाव निंबाळकर. कोल्हापूरकडे गेले की पेठ वडगाव.

या गावांनी एकमेकांचे नाव उचलले, असे मानण्याचे कारण नाही. वडाजवळ वस्ती झाली की वडगाव, पिंपळाजवळ पिंपळगाव, कडुनिंबाजवळ निमगाव. पंचक्रोशीत ज्याचा व्यवहार, त्याला तेवढी खूण पुरे होती. चाळीस कोसांवर दुसरे वडगाव असल्याने त्याचे काही अडत नव्हते.

अडले ते दफ्तराचे. सारा, वतने, इनामे यांचे कागद एका कचेरीत जमू लागले, तेव्हा नावाला ओळख जोडणे भाग पडले. मावळ हा मुलूख, निंबाळकर हे आडनाव, पेठ ही बाजाराची खूण. जवळजवळच्या दोन गावांत थोरले ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. ‘बुजुर्ग’चे आपण बुद्रुक केले. उत्तरेत हाच भेद कलाँ आणि खुर्द असा, तर कानडी मुलखात हिरे आणि चिक्क असा दिसतो. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे आहेत. कसबा म्हणजे बाजारपेठेचे गाव, मौजे म्हणजे साधे खेडे. मूळ नाव रहिवाशांचे, विशेषण बहुधा कारभाराचे.

म्हणून जुना कागद वाचताना ‘मौजे वडगाव’पाशी थांबून चालत नाही. पुढचे तर्फ, परगणा, प्रांत पाहिल्याशिवाय पाटीलकीचा तंटा कोणत्या गावचा हे ठरत नाही. नेमकी तीच ओळ फाटलेली असली, तर एका गावाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढू शकतो.

आज वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द पुणे शहरात सामावली आहेत. शिवेचे दगड शोधून सापडायचे नाहीत. पत्ता आखूड करताना पहिल्यांदा गळते ते विशेषण. पण इथे दोन गावे होती, दोन शिवारे होती, याची रोजच्या वापरातली साक्ष आता त्या दोन फारसी शब्दांतच उरली आहे.