क्रमाची कुळकथा

चाकणच्या वर्कशॉपमध्ये नवख्या पोराला पहिल्यांदा शिकवतात ते हेच: आधी ड्रिल, मग टॅप. भोकच नसेल तर आटे पडणार कशात? टॅप मात्र तुटेल. एका क्रियेतून निघालेलं दुसरीत घालायचं, याला बीजगणितात फलांचं, म्हणजे फंक्शनचं, संयोजन म्हणतात. ५ मध्ये ३ मिळवून दुप्पट केली तर १६. आधी दुप्पट करून ३ मिळवले तर १३.

या विचाराचं आपल्याकडचं मूळ उलट्या वाटेवर सापडतं. केलेल्या क्रिया शेवटाकडून सोडवत जायच्या आणि गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी करायची, हा नियम आर्यभटाने ४९९ मध्ये दिला. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) त्याची कसोटीच लावली. एक संख्या घ्या. तिची तिप्पट करा, त्यात त्याच तिपटीचा पाऊण भाग मिळवा, ७ ने भागा, आलेल्यातून त्याचा तिसरा हिस्सा वजा करा, वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ काढा, ८ मिळवा, १० ने भागा. उत्तर २, तर संख्या कोणती? मागे चला: २०, १२, १४४, १९६, १४, २१, १४७, ८४, २८. ५२ मिळवणं आणि वर्ग करणं या दोन पायऱ्या जरी मागेपुढे झाल्या तरी २८ हाती लागत नाहीत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

युरोपात हीच गोष्ट चिन्हांच्या वाटेने आली. ऑयलरने १७३४ मध्ये फलासाठी एफ हे अक्षर वापरलं, हर्शेलने १८१३ मध्ये व्यस्त, म्हणजे उलटी क्रिया करणाऱ्या, फलाच्या डोक्यावर उणे एक बसवलं, आणि बॅबेजने १८१५ मध्ये फलांचंच स्वतंत्र गणित मांडलं. गणिती केलीने १८५८ च्या निबंधात मॅट्रिक्सचा, म्हणजे संख्यांच्या आयताकृती तक्त्यांचा, गुणाकार असा बेतला की तो म्हणजे एकामागून एक केलेली दोन रूपांतरं. म्हणूनच त्यात क्रम बदलला की उत्तर सहसा बदलतं.

१९५५ मध्ये डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी यंत्राच्या प्रत्येक सांध्याला एकेक मॅट्रिक्स दिली. चाकणच्या वाहन कारखान्यांतल्या सहा सांध्यांच्या वेल्डिंग रोबोटचं टोक कुठे आहे, हे अशा सहा मॅट्रिक्सच्या गुणाकारातून कळतं. पायाकडून टोकाकडे माप न्यायचं असेल, तर प्रत्येकीची व्यस्त घेऊन उलट क्रमाने गुणायचं. कंट्रोलर हे क्षणात करतो. नियम मात्र लीलावतीतलाच.