निर्णयासकट सोपविलेले काम

डहाणू आणि तलासरीच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी काम सांगण्याची एकच रीत रूढ होती, आणि ती म्हणजे हुकूम. जमीनदाराचा माणूस बोलावील त्या दिवशी, स्वतःची लावणी अर्धी टाकून वारली आदिवासी शेतकऱ्याने वेठीला हजर व्हावे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी लग्नगडी म्हणून आयुष्य कंठावे. आणि जंगलात ठेकेदार ठरवील त्या मजुरीवर कुऱ्हाड चालवावी. पाऊस, माती, गवत आणि लाकूड यांचे सूक्ष्म ज्ञान ज्याच्यापाशी होते, त्यालाच त्या कामाविषयी मत देण्याचा अधिकार नव्हता, आणि या व्यवस्थेचा हा अन्याय मला तिच्या क्रौर्याइतकाच मोठा वाटतो.

ज्याला असा अखत्यार कधीच मिळाला नव्हता त्याला तो मिळाल्यावर तो काय करतो, हे १९४५ साली याच भूमीत दोन ठिकाणी दिसून आले. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला भरलेल्या किसान परिषदेस येथील काही वारली गेले होते. आणि २३ मे रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी, किसान सभेचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर या दांपत्याच्या पुढाकाराने हजारो वारल्यांची सभा भरली. वेठ करायची नाही, रोख बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, मारहाण निमूट सोसायची नाही आणि एकी मोडायची नाही, इतकेच तेथे ठरले. हे नियम थोडे होते म्हणूनच पाड्यापाड्यांवर तोंडी पोचू शकले. त्यांची अंमलबजावणी कशी करावी याचे फर्मान मात्र कोणी काढले नव्हते, आणि लग्नगड्यांना सावकारांच्या घरांतून सोडवून आणण्याचे काम वारल्यांनी स्वतःच्या मसलतीने तडीस नेले.

पुढे गवतकापणीच्या हंगामात, पाचशे पौंडांस अडीच रुपये या दरासाठी संप झाला, तेव्हा या नव्या शक्तीची उणीवही दुःखद रीतीने उघडी पडली. १० ऑक्टोबर रोजी, गोदावरीबाईंच्या नावाने पसरविलेल्या खोट्या निरोपावर विश्वास ठेवून वारली तलवाड्याला जमले, आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण प्राणास मुकले. ज्या चळवळीत पुढाऱ्याच्या शब्दावरच पाऊल उचलले जाते, तिच्यात तो शब्द बनावट करून कोणीही घात करू शकतो. यानंतर परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. परंतु चळवळ थांबली नाही, कारण पाड्यावरच्या किसान सभेच्या, म्हणजे लाल बावट्याच्या, माणसांना एव्हाना कोणाच्या निरोपाची वाट पाहण्याचे प्रयोजन उरले नव्हते, आणि १९४६ मध्ये जंगलकामगारांचा संप उभा राहिला.

दुसरी हकीकत सौम्य आहे, पण तिचे मूळ तेच. १९४५ मध्येच ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ तेथे दाखल झाल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या, नामांकित विदुषी. अनुताई पस्तिशीच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकलेल्या. अशा ज्येष्ठ व्यक्तीला आपल्या पद्धतीचा बारीकसारीक तपशील हाताखालच्या माणसांवर लादण्याचा मोह सहज होतो. येथे मात्र माँटेसरी शिक्षणपद्धतीची तत्त्वे तेवढी कायम राहिली, आणि महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने आली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीत जाऊन अंगणात भरू लागली; हीच अंगणवाडी. १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर असे आढळले की आदिवासी मुले गुरांमागे जातात. म्हणून शिक्षक कुरणात गेले व तेथे कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून थोरली बहीण शाळेला मुकते, हे ध्यानी आले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभी राहिली. प्रत्यक्ष मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाला उपाय योजण्याची मोकळीक नसती, तर यांतली एकही गोष्ट दूरच्या एखाद्या कार्यालयात बसून सुचली असती असे मला वाटत नाही. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या, तेव्हा वारस शोधण्याची वेळ आली नाही. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत, काम चालविले.

२ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पसरली. तिच्या सेविकेकडे आज वजनाच्या नोंदी, आहाराचा हिशेब, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती असा मोठा भार आहे. निर्णय मात्र तिच्या वाट्याला थोडेच येतात. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, हे तिला कोणत्याही वरिष्ठापेक्षा आधी कळते. त्या महिन्यांत अंगणवाडी कोठे आणि किती वाजता भरवावी, हे ठरविण्याचा अखत्यार तिला लेखी द्यावा, आणि तिच्या निर्णयात चूक झाली तर त्याची जबाबदारी पर्यवेक्षिकेने तिच्यासह उचलावी.