हिवताप आणि शेतकऱ्याचे घर

गावाच्या इतिहासात दुष्काळाची साले लक्षात राहतात, पटकी-प्लेगच्या साथी लक्षात राहतात, नदीचा मोठा पूरही लक्षात राहतो. परंतु दर साली न चुकता येणारा हिवताप मात्र कोणाच्याही आठवणीत तारखेनिशी नसतो. वास्तविक आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घराचे जेवढे नुकसान या तापाने केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या रोगाने केले असेल. त्याची थोडी हकीकत या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, असे वाटते.

आपले बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातले, अडाणेच्या खोऱ्यातले गाव. काळी जमीन, मुख्य पिके कापूस, ज्वारी आणि तूर. पाऊस ओसरू लागला की नदीनाल्यांचे पाणी उतरते आणि पात्रात ठिकठिकाणी संथ, स्वच्छ पाण्याची डबकी उरतात. खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारा ॲनोफिलीस जातीचा डास अशाच पाण्यात, विहिरीत, पाटात वाढतो. म्हणून पोळा झाला की तापाला सुरुवात होई, दसरा-दिवाळीपर्यंत त्याचा जोर राही.

आता शेतीचे वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून पाहा. हेच दिवस शेवटच्या निंदणाचे, ज्वारीच्या राखणीचे आणि पुढे कापसाच्या पहिल्या वेच्याचे! वर्षभराच्या कष्टाचे फळ पदरात पडायचे, नेमक्या त्याच वेळी घरातली माणसे हुडहुडी भरून घोंगडीखाली पडत. हा ताप बहुधा एक दिवस सोडून येतो. मधल्या दिवशी माणूस उठून बसतो, शेतावरही जातो; दुसऱ्या दिवशी पुन्हा दात वाजू लागतात. फुटलेली बोंडे मात्र कोणासाठी थांबत नाहीत. वेळेवर न वेचलेला कापूस गळतो, मातीत मळतो, अवकाळी पावसात सापडला तर काळा पडतो आणि त्याचा भाव जातो. मजूर लावावे, तर मजुरांच्या घरीही तोच ताप. मग सावकाराचे देणे पुढल्या सालावर जाई. शिवाय वेचणीची मजुरी वजनावर; अशक्त बाईच्या ओटीत कापूस कमी, म्हणून पैसाही कमी.

सिंटन नावाच्या संशोधकाने १९३५ च्या सुमारास एक मोठा निबंध लिहून असा प्रश्न विचारला, की मलेरिया हिंदुस्थानला केवढ्याला पडतो? मृत्यूंची गणती पुरेशी नाही. बुडालेले कामाचे दिवस आणि खचलेली शरीरेही त्या खात्यात धरली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. आपल्या घरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते.

या हिशेबात बाईचा भाग वेगळाच आहे. घरधनी आजारी पडला की डवरणी-राखणीचे काम तिच्याकडे येई. ती स्वतः आजारी पडली, तर मधल्या बऱ्या दिवशी दोन दिवसांचे दळण-पाणी उरकावे लागे. हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे अंगात रक्त राहत नाही. गरोदरपणी हा ताप आला तर गर्भपाताचे भय असते आणि मूल कमी वजनाचे निपजते. लहान मुलांची पानथरी वाढून पोट पुढे येई. त्याला दृष्ट म्हणत, बाहेरची बाधा म्हणत. काडेचिराईत किंवा गुळवेलीचा काढा देत.

डासाच्या पोटात हे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस पाहिले. त्या वेळी आपले वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली असले, तरी नावाने निजामाचेच होते. म्हणजे हा शोध तसा आपल्या शेजारीच लागला. परंतु खेड्यापर्यंत त्याचा उपयोग यायला अर्धे शतक लागले. औषध एकच, कोयनेल. १८९२ पासून बंगालमध्ये एका पैशाची कोयनेलची पुडी पोस्टात मिळू लागली. पुढे इतर प्रांतांतही ती सोय झाली. एका पुडीने एक पाळी टळे, रोग मुळासकट जात नसे. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि जगाला कोयनेल पुरविणाऱ्या सिंकोनाच्या बागाच हातच्या गेल्या. कोयनेलची टंचाई सगळीकडे जाणवली.

देश स्वतंत्र झाला तेव्हा, १९४७ मध्ये, वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा आपला जिल्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता व राजधानी नागपूर होती. १९५८ पासून नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय ठरले. पंप घेऊन फवारणीवाले घरोघर येऊ लागले. मागून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा कर्मचारी येई आणि भेटीची तारीख दाराजवळ मांडून जाई.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डास रात्री चावतो आणि रक्त पिऊन जड झाला की घरातल्या भिंतीवर बसतो. भिंतीवर डीडीटी असेल तर त्याचे विष पायांवाटे त्याच्या अंगात भिनते. जंतू डासाच्या अंगात तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्याआधीच डास मरतो. म्हणजे ही अवाढव्य मोहीम अखेर एका गोष्टीवर टेकली होती: घराची आतली भिंत दोन-तीन महिने कोणी सारवू नये! आणि आपल्याकडे दसरा-दिवाळी आली की पांढऱ्या मातीने भिंती पोतारण्याची रीत. फवारलेले औषध त्या मातीखाली झाकले जाई.

बाईला दोष देणे सोपे आहे. पण कणगी हलवायची, देव उचलायचे, बाळंतिणीची खोली रिकामी करायची, परक्या माणसांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचे आणि वर भिंतीवर पांढरे डाग! पहिल्या फवाऱ्यांनी ढेकूण मरत, म्हणून तिने आनंदाने दार उघडले. पुढे ढेकणांना ते औषध बाधेनासे झाले, तेव्हा तिचा विश्वासही उडाला. कारण समजावून सांगितले असते, तर तिने भिंत राखली असती. पण दवंडी चावडीपुढे पिटली जाई आणि भिंत मात्र तिच्या ताब्यात होती.

तरीही यश मोठे मिळाले. १९६१ मध्ये देशभरातील रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. रोग गेला, असे सर्वांनी धरले. मग डासही डीडीटीला दाद देईनात, औषधाचा पुरवठा कमी पडला, घरोघरची पाहणी सैल झाली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये योजना नव्याने आखावी लागली. सिलोनातही असेच घडले होते: १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर!

आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०२३ मध्ये देशात सुमारे सव्वादोन लाख रुग्ण नोंदले गेले. आपल्या राज्यात गडचिरोलीला अजून हा रोग पिडतो. २०३० पर्यंत तो देशातून घालविण्याचा संकल्प आहे. आता रक्त तपासायला गावचीच आशाताई येते, परका माणूस नव्हे. जे १९५८ मध्ये हवे होते, ते आता झाले आहे.

म्हणून आपल्याकडून चार गोष्टी व्हाव्यात. ताप आला की तो कसला, हे रक्त तपासूनच ठरवावे. गोळ्यांचा क्रम पुरा करावा. एका प्रकारच्या हिवतापात जंतू यकृतात दडून बसतात, म्हणून त्यावरचे औषध चौदा दिवसांचे असते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवू नयेत. गरोदर भगिनींनी तसे आधी सांगावे, कारण ते औषध त्यांना देत नाहीत. विहिरीत, शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. आणि मंडळाने दर भाद्रपदात, कापूस फुटण्याच्या आधी, एक बैठक याच विषयासाठी ठेवावी. घर कसे राखावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त कशापासून आणि का, ते एकमेकींना सांगितले पाहिजे.