नावाचे मूळ घर

इंदूरहून बडोद्यास एक पत्र जाते आणि त्यात ‘दादांना विचारून पैसे पाठवावेत’ असे वाक्य असते. हे दादा कोणाच्या घरचे? लिहिणाऱ्याच्या की वाचणाऱ्याच्या? माणूस मागचापुढचा संदर्भ पाहून उलगडा करतो. संगणकाला मात्र पक्का नियम द्यावा लागतो. असा एक नियम ठरविण्यास जवळजवळ तीन दशके लागली, त्याची ही हकीकत.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत ‘लिस्प’ ही संगणकभाषा रचण्यास आरंभ केला. १९६३ साली तेथेच टिमथी हार्ट यांनी तीत ‘मॅक्रो’ आणण्याची सूचना केली. मॅक्रो म्हणजे मजकुराचा साचा. प्रोग्राम लिहिणारा एक छोटा शब्द लिहितो. प्रोग्राम चालण्यापूर्वी त्याच्या जागी साच्यातला विस्तृत मजकूर भरला जातो. यालाच मॅक्रोचा विस्तार म्हणतात.

सोय मोठी, पण धोकाही तितकाच मोठा. समजा, दोन किमतींची अदलाबदल करणाऱ्या साच्याने एक किंमत क्षणभर ठेवण्यासाठी ‘टेंप’ नावाची नवी जागा घेतली. वापरणाऱ्याच्या जागेचे नावही ‘टेंप’च असले, तर दोन्ही नावे एकमेकांत मिसळतात. अदलाबदल होतच नाही आणि यंत्र तक्रारही करीत नाही. साचा लिहिणारा चुकला नाही, वापरणाराही चुकला नाही. तरी उत्तर चुकले!

यावर लिस्पच्या जाणकारांनी ‘जेनसिम’चा उपाय योजिला. साच्यातल्या नव्या जागेला कोणीही वापरले नसेल असे नाव यंत्राकडूनच मागून घ्यावयाचे. पण फंक्शनच्या नावाला हा उपाय लागू पडत नाही. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करून देणारा, नावाने हाक मारावयाचा प्रोग्रामचा भाग. त्याला नवे नाव दिले, तर हाकेला ‘ओ’ कोण देणार?

१९७५ साली एम. आय. टी.मध्येच निघालेल्या ‘स्कीम’ या लिस्पच्या बोलीत ही अडचण विशेष जाणवे. कारण तीत फंक्शन व साधी किंमत यांची नावे एकाच यादीत असतात. साच्याने यादी बांधण्यासाठी ‘लिस्ट’ या फंक्शनला हाक मारावी, आणि वापरणाऱ्याने आपल्या पाहुण्यांच्या यादीलाच ‘लिस्ट’ म्हटलेले असावे! मग हाक भलत्याच घरी जाते.

१९८६ साली इंडियाना विद्यापीठातील कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइसन व डुबा यांनी मार्ग दाखविला. विस्ताराच्या प्रत्येक पायरीला साच्यातून आलेल्या नावांवर वेगळी खूण करावी, म्हणजे ती वापरणाऱ्याच्या नावांत मिसळणार नाहीत. या शिस्तीस त्यांनी आरोग्यशास्त्रातला ‘हायजीन’ हा शब्द लावला. तथापि त्यांचा नियम मुख्यतः साच्याने नव्याने घेतलेल्या नावांचा होता. साच्याने हाक मारलेल्या फंक्शनचे नाव साचा जेथे लिहिला तेथल्याच अर्थाने घ्यावे, हा विचार बॉडन व रीस यांनी १९८८ साली पुढे आणला. १९९१ साली क्लिंगर व रीस यांनी दोन्ही नियमांची सांगड घातली. १९९८ च्या स्कीमच्या अहवालात असे मॅक्रो भाषेच्या मुख्य भागात आले.

तरीही वाद पुरता मिटला असे नाही. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ भाषेच्या नेहमीच्या मॅक्रोंत स्थानिक जागांची नावे साच्याच्या घरची मानली जातात, पण फंक्शनचे साधे नाव वापरणाऱ्याच्या घरी शोधले जाते. म्हणून तेथील जाणते लेखक फंक्शनचा पूर्ण पत्ता लिहितात.

दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपल्या मजकुरात विश्वासाने घेता यावा, यासाठी हा सारा खटाटोप आहे. पत्र कोठेही वाचले जावो, त्यातले दादा लिहिणाऱ्याचेच राहिले पाहिजेत. एवढी हमी असली, तरच एकमेकांना न पाहिलेली माणसे मिळून एक मोठे काम उभे करू शकतात.