दोरीने कापलेला दगड

उकडलेले अंडे सुरीने कापले तर बलक पात्याला चिकटतो आणि फुटतो. तेच ताणलेल्या दोऱ्याने कापावे, दोन्ही फोडी स्वच्छ सुटतात. ही युक्ती दगडावर चालेल का? चालते, आणि ती फार जुनी आहे.

चीनमध्ये आजच्या हांगझोऊ शहराच्या परिसरात इसवी सनापूर्वी सुमारे ३३०० ते २३०० या काळात लियांगझू संस्कृती नांदत होती. तिथले कारागीर जेड हा चिवट दगड दोरीने कापत. आता दोरी तर दगडाहून मऊ. मग ती कापणार कशी? खरे कापण्याचे काम वाळूचे होते. दोरीसोबत ओली वाळू मागेपुढे घासली की गारगोटीचे कण दगड खरवडत जात, कारण गारगोटी जेडहून थोडी कठीण असते. दोरीने फक्त वाळू वाहून न्यायची. या वस्तूंवर आजही कमानीसारख्या खुणा दिसतात. त्या फिरत्या चाकाच्या असाव्यात, असे एकेकाळी काही अभ्यासकांना वाटे. पण कापताना दोरीला बाक येतो, आणि तोच दगडावर उमटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील करारा येथील संगमरवराच्या खाणींत ही दोरी पोलादाची झाली. सुरुंगाने डोंगर फोडला की पुष्कळ दगड चुरा होऊन वाया जाई. त्याऐवजी पीळ दिलेली लांब तार कप्प्यांवरून फिरवून, तिच्यावर वाळू-पाणी सोडून, अखंड शिळा सोडवता येऊ लागल्या.

वाळूलाही वारसदार मिळाले. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना भट्टीत कार्बोरंडम गवसले. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. पुढे हिऱ्याचे कण थेट तारेवरच बसवले जाऊ लागले.

प्रयोगशाळेची अडचण मात्र खाणीहून वेगळी. स्फटिक, उल्का किंवा चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाची आतली रचना पाहायची, तर तो आधी कापायला हवा. जोराने कापला तर तो तापतो, बारीक तडे जातात, अणूंच्या रांगा सरकतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तडा मूळचा की करवतीचा? इथे फसलो तर सगळा निष्कर्षच चुकायचा! म्हणून १९५० च्या सुमारास धातूंच्या नाजूक स्फटिकांसाठी आम्लात भिजलेला धागा वापरला गेला. तो घासत नसे, विरघळवत कापत असे. कठीण नमुन्यांसाठी हिऱ्याची बारीक तार आली. हलका दाब, सावकाश गती. एका कापाला कधीकधी काही तास लागतात. त्यानंतरही पृष्ठभागाचा दुखावलेला पातळ थर घासून काढावाच लागतो, पण तो थोडक्यात आटोपतो.

हेच तंत्र कारखान्यातही गेले. १९९० च्या दशकात सिलिकॉनच्या ठोकळ्यांतून शेकडो चकत्या एकाच वेळी तारांच्या जाळ्याने कापणे रूढ झाले. आता सौरघटांसाठी लागणारी तार केसाहूनही बारीक असते, कारण तार जितकी जाड तितका महागडा सिलिकॉन भुशात जातो.

वाळूच्या जागी हिरा आला, दोरीच्या जागी पोलाद. पण घाई केली तर दगड बिघडतो, हा लियांगझूच्या कारागिराचा धडा प्रयोगशाळेला आजही गिरवावा लागतो.