कुपीतील बीजाणूंची कुळकथा

शस्त्रक्रियेच्या हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुकीकरण झाले की नाही हे पडताळण्यासाठी जी बोटाएवढी कुपी ठेवतात, तिचे मूळ गवताच्या काढ्यात सापडते. वाळल्या गवताचा काढा उकळून ठेवला तरी पुन्हा जिवाणूंनी गढुळतो, याचा दाखला देऊन निर्जीवातून जीव उपजतो असे प्रतिपादन करणाऱ्यांना ब्रेस्लाऊचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली उत्तर दिले: त्या काढ्यातील 'बॅसिलस सबटिलिस' आपल्या पोटात बीजाणू धरतो, आणि उकळत्या पाण्याला दाद देत नाही तो हाच. पुढे १८७९ मध्ये शार्ल शांबरलाँ यांनी दाबाखालच्या वाफेचे पात्र, म्हणजेच ऑटोक्लेव्ह, सिद्ध केले, तेव्हा कुठे बीजाणूंचा खात्रीलायक बंदोबस्त झाला.

बीजाणूचा गाभा जवळजवळ कोरडा, श्वसन थांबल्यातच जमा. वाढत्या पेशीत ज्या विकरांची अहोरात्र धांदल चालते त्यांतील बहुतेक येथे निश्चल असतात. तरीही बीजाणू विकरशून्य नाही, हे १९५३ साली स्ट्यूअर्ट आणि हॅल्वर्सन यांना बीजाणूंत अलॅनीन रेसमेज हे विकर सापडले तेव्हा स्पष्ट झाले. एल-अलॅनीन हा कित्येक बीजाणूंना अंकुरण्याचा हुकूम. हे विकर त्याचे डी-अलॅनीन करते, आणि ते अंकुरण रोखून धरते. निद्रिस्त जीवाच्या दारावर असा पहारा असावा, हे मला या सर्व इतिहासातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

कुपीत मात्र 'जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस' या उष्णताप्रिय जिवाणूचे बीजाणू कागदी पट्टीवर वाळवून ठेवलेले असतात. जुन्या पद्धतीत वाफेतून काढलेल्या कुपीतील काचनळी फोडून जांभळे पोषकद्रव पट्टीवर सोडावे, ती उबेत ठेवावी, आणि जगलेल्या बीजाणूंतून वाढलेल्या पेशींच्या आम्लाने द्रव पिवळा पडतो की काय हे पाहावे. परंतु यास एक-दोन दिवसांची मुदत लागे, आणि तोवर हत्यारे रुग्णाच्या देहापर्यंत पोहोचलेली असत. नव्या कुपीने वाढीची वाट पाहण्याऐवजी बीजाणूतील अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराचीच साक्ष काढली: ते वाफेतून शाबूत सुटले असेल तर द्रवातील ग्लुकोजयुक्त संयुगाचे विघटन होऊन जंबुपार प्रकाशात निळी प्रभा दिसते, आणि काही तासांतच, किंवा त्याहूनही लवकर, निकाल हाती येतो.

जी रुग्णालये केवळ काट्यावरील १२१ अंशांच्या आकड्यावर विसंबतात, त्यांनी आठवड्यातून निदान एकदा ही कुपी हत्यारांच्या मध्यभागी ठेवावी आणि तिचा निकाल दप्तरी नोंदवावा.