वऱ्हाडी बोलीचे इंग्रजी भाषांतर

बुलढाणा जिल्ह्यासह वऱ्हाडातील सलगीची बोलभाषा इंग्रजीत आणण्याची प्रक्रिया व तीतील अडचणी.

ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आहे. त्या सर्वेक्षणात बायबलमधील उधळ्या मुलाची कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली जाई. अशा कथेत चावडीवरच्या थट्टामस्करीला जागा नव्हती. ललित साहित्यात उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) कादंबरीतील संवाद वऱ्हाडीत आहेत (पहा : प्रादेशिक कादंबरी).

जिल्ह्यात घाटाखाली, खामगाव-शेगावकडे, वऱ्हाडी ठळक आहे. घाटावर सिंदखेडराजाकडे मराठवाडी वळण मिसळते (पहा : वऱ्हाडी बोली). ‘डोळा’चे ‘डोया’, ‘मला’चे ‘मले’ ही रूपे इंग्रजीत पुसली जातात, पण अर्थ टिकतो. खरी अडचण संबोधनांची आहे. ‘काऊन बे’ यातील ‘काऊन’ म्हणजे ‘का’. ‘बे’ मात्र समवयस्क मित्राला जिव्हाळ्याचा, तर वडीलधाऱ्याला अपमानाचा ठरतो. इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच असल्याने हे नाते वाक्यरचनेतून किंवा प्रसंगातून सुचवावे लागते. जपानीतील पुरुषी, सलगीच्या ‘ओरे’ (मी) या सर्वनामाबाबतही हीच अडचण येते (पहा : जपानी भाषा).

पात्राचे वय, नाते व गाव संवादातूनच कळत असल्याने ग्रामीण साहित्याच्या भाषांतरात हा प्रश्न मध्यवर्ती आहे.